अंगठा तपासला, गहू कोण तपासणार?

डिसेंबर २०२४ चे शेवटचे दिवस आणि जानेवारी २०२५ चा पहिला आठवडा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातून, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून एक विचित्र तक्रार पुढे आली. आधी डोक्याला खाज सुटते, मग केस ओढले की हातात येतात आणि काही दिवसांतच टक्कल पडते. पुरुष, बाया, लहान मुले, कोणीच सुटले नाही. पुढे आलेल्या आकडेवारीनुसार १८ गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाला. टीव्हीवाले आले, मोबाईलवाले आले आणि एका दिवसात या आजाराला नाव मिळाले, ‘टक्कल व्हायरस’. व्हायरस सापडला नव्हता, पण नाव ठेवून झाले होते.

या घटनेला आता बराच काळ लोटला आहे. बातम्या थांबल्या, बऱ्याच जणांचे केस पुन्हा आले आणि विषय मागे पडला. आम्हाला मात्र तो मागे पडू द्यावासा वाटत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या युगात माणसाची किंमत काय, त्याच्या मनाचे काय, आत्मा नाकारणाऱ्या आपल्या धम्मात माणसाची प्रतिष्ठा कशावर उभी आहे, हे प्रश्न आपण शिबिरांत आणि व्याख्यानमालांत नेहमी चर्चेला घेतो. त्यांची उत्तरे शोधायला दूर जायची गरज नाही. ती आपल्याच जिल्ह्यात, कंट्रोलच्या दुकानाच्या रांगेत उभी आहेत.

काय घडले, ते आधी नीट पाहू

सुरुवातीला संशय बुरशीच्या संसर्गावर होता. मग पाण्यावर आला. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे पाणी कसे असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत पिढ्यानपिढ्या लोक खारे पाणी पितात आणि किडनीच्या आजाराने खंगतात. नमुने तपासले तेव्हा पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. पण हे पाणी काही आज खारे झालेले नाही. मग केस आताच का गळाले, हा प्रश्न राहिलाच. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची म्हणजे आयसीएमआरची पथके आली. रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य असे नमुने घेतले गेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपले निष्कर्ष जाहीर केले. विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर ओळखले जाणारे हे पद्मश्री डॉक्टर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी मांडले ते असे, की रेशनवर मिळालेल्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण स्थानिक गव्हापेक्षा सुमारे ६०० पट होते. रुग्णांच्या रक्तात ते ३५ पट, लघवीत ६० पट, तर केसांत १५० पट वाढलेले आढळले. गव्हाच्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. साधारण गव्हात ते १.९ मिलिग्रॅमच्या आत असते. गहू धुऊन पाहिला, तरी फारसा फरक पडला नाही.

आपण एक साधा हिशेब करू. सेलेनियम शरीराला लागते, पण अगदी किंचित. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरते आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे ते धोक्याचे मानले जाते. दिवसभर उन्हात राबणारा मजूर ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या सहज खातो. वरच्या आकड्याने पाहिले तर त्याच्या पोटात रोज ४,३०० मायक्रोग्रॅमहून अधिक सेलेनियम जाते, म्हणजे धोक्याच्या मर्यादेच्या दहापटीपेक्षा जास्त. चीनमध्ये हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या दशकात हेच घडले होते. जमिनीतून पिकात आणि पिकातून माणसात सेलेनियम गेले. लोकांचे केस गेले, नखे गेली. आपल्याकडेही एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतून नखे गळत असल्याच्या बातम्या आल्या.

हा निष्कर्ष डोळे झाकून अंतिम माना, असे आम्ही म्हणणार नाही. कालाम सुत्त मानणाऱ्यांनी तसे म्हणूही नये. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून स्वीकारू नका, तपासा, अनुभवाला लावून पाहा, हीच तर बुद्धाची शिकवण आहे. पण कालाम सुत्ताची दुसरी बाजू आपण विसरतो. तपासण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहे. म्हणजे ज्याच्या अंगावर प्रयोग झाला, ज्याचे रक्त सुईतून गेले, त्यालाही ‘मला दाखवा’ असे म्हणण्याचा हक्क आहे.

यंत्राला अंगठा कळतो

आता कंट्रोलच्या दुकानात जाऊ. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य. ते घ्यायचे तर ई-पॉस यंत्रावर अंगठा लावावा लागतो. घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी करावी लागते. यंत्र आधारशी जुळवणी करते आणि मग पावती निघते. किती किलो दिले, कोणाला दिले, किती वाजता दिले, सगळे राजधानीत बसून दिसते.

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावात आम्ही एका आजींसोबत अशा रांगेत उभे होतो. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेला हात. चार वेळा अंगठा लावला, चारही वेळा यंत्राने नाही म्हटले. दुकानदार म्हणाला, आजी, उद्या या. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “काऊन बाप्पा, जिनगीभर हातानं काम केलं, तं हाताचीच वळख गेली का?” आमच्याकडे समाजशास्त्राची पदवी होती, पण या प्रश्नाला उत्तर नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आणि त्याची मुळे माणसाच्या प्रतिष्ठेत असल्याचे मान्य केले. पुढे २६ सप्टेंबर २०१८ ला आधार योजना बहुमताने वैध ठरली. त्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वेगळे मत नोंदवले. यंत्राच्या चुकीमुळे माणूस अन्नापासून वंचित राहत असेल तर तो त्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, ही बाजू त्या मतात ठळकपणे आली आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ते मत जरूर वाचावे.

यंत्रे नकोत, असे आमचे म्हणणे नाही. यंत्रामुळे काही ठिकाणी काळाबाजाराला आळा बसला, हे मान्य करू. आमचा मुद्दा वेगळा आहे. घेणाऱ्या माणसाची तपासणी बोटाच्या रेषांपर्यंत होते. देणाऱ्या गव्हाची तपासणी कुठपर्यंत होते? सरकारी खरेदीच्या वेळी गव्हात ओलावा किती, काडीकचरा किती, तुटलेला आणि सुरकुतलेला दाणा किती हे पाहतात. दाण्याच्या आत काय आहे, हा प्रश्न त्या नेहमीच्या निकषांत येत नाही. शिवालिकच्या पायथ्याशी पंजाबच्या काही भागांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे शेतीशास्त्राला अनेक दशकांपासून माहीत आहे. ज्ञान होते, प्रयोगशाळाही होत्या. फक्त ते ज्ञान गरिबाच्या ताटापर्यंत नेण्याची कोणाला गरज वाटली नाही.

विज्ञान कोणाकडे तोंड करून उभे आहे, हे यावरून कळते. माणूस खोटा असेल हे गृहीत धरून अंगठा तपासला. गहू मात्र खरा असेल असे गृहीत धरले. हा संशय तंत्रज्ञानातून आलेला नाही. तो आपल्या समाजात फार जुना आहे आणि तंत्रज्ञानाने त्याला नवे यंत्र दिले आहे.

केस, लोम, नख

या घटनेतली एक गोष्ट आम्हाला रात्री झोपू देत नव्हती. ज्यांनी श्रामणेर शिबिर केले आहे, त्यांना आठवत असेल. प्रव्रज्येच्या वेळी भंते शरीराच्या पाच भागांचे चिंतन शिकवतात. केस, लोम, नख, दंत, त्वचा. शरीर अनित्य आहे, त्यात ‘मी’ म्हणावे असे काही नाही, हे त्यातून उमजावे म्हणून. शेगावच्या गावांत आधी केस गेले, मग नखे. जणू तीच यादी कोणीतरी त्या लोकांवर लादली.

इथे आपल्यातलाच एखादा म्हणेल, बुद्धाने तर अनित्यच सांगितले आहे ना? मग केस गेले म्हणून एवढे काय? आम्ही हे वाक्य प्रत्यक्ष ऐकले आहे, तेही सुशिक्षित माणसाकडून. म्हणून स्पष्ट सांगायला हवे. भिक्खू स्वतःच्या इच्छेने मुंडन करतो, तो त्याग आहे. न विचारता, न कळता कोणाचे केस गेले, तर तो अन्याय आहे. पहिल्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्यात त्याला वस्तू करून टाकले आहे. अनित्यतेचा सिद्धांत स्वतःच्या आसक्तीवर लावायचा असतो. दुसऱ्याच्या दुःखावर तो लावला की त्याचे कर्मविपाकात रूपांतर होते आणि ‘भोग आहेत, भोगा’ हे जुने वाक्य मागच्या दाराने घरात येते.

महाराष्ट्राला हा फरक नवा नाही. विधवांचे सक्तीने केशवपन होत होते, तेव्हा सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या नाभिक बांधवांनी ते काम करायला नकार दिला. कोणाच्या डोक्यावरचे केस कोणाच्या मर्जीने जातात, हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे त्या श्रमिकांना सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी समजले होते.

आत्मा नाही, मग प्रतिष्ठा कुठून?

आपल्या तरुणांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. तुम्ही आत्मा मानत नाही, मग माणसात पवित्र असे काय उरते? माणूस म्हणजे हाडामांसाचे यंत्रच ना?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्म्यावरील विश्वासाला अ-धम्मात जागा दिली आहे. ते त्यांनी तर्काने केले, पण त्यामागे अनुभवही होता. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे हजारो वर्षे सांगणाऱ्या समाजात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गुराढोरांना खुले होते आणि माणसांना बंद. २० मार्च १९२७ ला ते ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आत्मा समान मानला गेला, पण पाणी समान मिळाले नाही. म्हणजे अमर आत्म्याच्या सिद्धांताने मर्त्य माणसाची प्रतिष्ठा राखली गेली नाही.

आज त्या जागी नवा अमर आत्मा येतो आहे, त्याचे नाव डेटा. माणसाचे मन संगणकात उतरवू, मेलेल्या माणसाशी चॅटबॉटवर बोलू, असे स्वप्न विकले जात आहे. शरीर जाईल, माहिती राहील. नीट पाहिले तर ही जुनीच गोष्ट नव्या कपड्यात आली आहे. दोन्हीकडे शरीर बिनमहत्त्वाचे, आणि दुःख होते ते तर शरीराला आणि मनालाच.

बुद्धाने माणूस पाच स्कंधांत समजावला. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. शेगावमध्ये पथकांनी जे नळीत भरून नेले, ते रूप होते. रक्त, लघवी, केस. ते न्यायलाच हवे होते, त्याशिवाय कारण कळले नसते. पण बाकीच्या चार गोष्टी गावातच राहिल्या. ठरलेली लग्ने मोडली, कॉलेजच्या मुलामुलींनी घराबाहेर पडणे सोडले, लाजेपायी काहींनी उरलेले केसही काढून टाकले, हे डॉ. बावस्करांनीच नोंदवले आहे. शेजारच्या गावाने ‘व्हायरस’ ऐकला आणि अंतर ठेवले. शिवाशिव सोसलेल्यांना हे अंतर काय असते ते वेगळे सांगावे लागत नाही. आरशासमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलीच्या मनात काय चालले होते, हे कोणत्या नमुन्यात मोजणार?

धम्मपदाची सुरुवातच मनापासून होते. आणि मन म्हटले की आपल्याला ध्यान आठवते, शिबिर आठवते. ते चांगलेच आहे. पण त्या मुलीला ‘मन शांत ठेव’ असे सांगण्याआधी ‘तुझ्या ताटात काय आले होते’ हे सांगणे जास्त गरजेचे आहे. अज्ञानात ठेवलेले मन शांत राहू शकत नाही. ते फक्त गप्प बसते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. बुद्ध आनंदासह तिथे गेले. तुझी कोणी काळजी का घेत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की रुग्णाची सेवा ही माझीच सेवा समजा. इथे आत्म्याचा उल्लेख नाही, उपयुक्ततेचा हिशेब नाही. विचारणे आहे, हात लावणे आहे आणि संघाला जबाबदार धरणे आहे. आमच्या मते अनात्मवादी धम्मात माणसाची प्रतिष्ठा इथे उभी आहे. ती माणसाच्या आत दडलेल्या कुठल्या अमर वस्तूत शोधायची नाही. आपण एकमेकांना उत्तर देण्यास बांधील आहोत, ह्या नात्यात ती आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी प्रज्ञेला शीलाची आणि करुणा-मैत्रीची जोड अटळ मानली. विज्ञान ही प्रज्ञा आहे. ज्याच्यावर तिचा प्रयोग होतो, त्याला उत्तर द्यायला ती बांधील नसेल, तर ती हुशारी उरते.

आता आपण काय करायचे?

व्याख्यान संपले की टाळ्या वाजवून घरी जायची आपल्याला सवय लागली आहे. म्हणून चार कामे सांगतो. एकही अवघड नाही.

पहिले, गहू तपासून मागा. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्या तालुक्याच्या गोदामात आलेला गहू कुठला, त्याची कोणती तपासणी झाली, त्यात काय निघाले, असे तीन प्रश्न प्रत्येक तालुक्यातून विचारले गेले, तरी यंत्रणा जागी होईल. आपल्या जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत. प्रश्न दिल्लीपर्यंत नेण्याचा रस्ता त्यामुळे छोटा आहे, तो वापरा.

दुसरे, दक्षता समितीत बसा. अन्न सुरक्षा कायद्याने रेशन दुकानापासून जिल्ह्यापर्यंत दक्षता समित्या आणि सामाजिक अंकेक्षण सांगितले आहे. अनेक गावांत ही समिती कागदावरच असते. जयंतीची कार्यकारिणी निवडताना आपल्यात जेवढी चुरस असते, तिच्या निम्मी चुरस या समितीसाठी असू द्या.

तिसरे, नमुना दिला की अहवाल मागा. तुमच्या गावात कोणतेही पथक येऊन रक्त घेत असेल, तर कशासाठी, कुठे जाणार, निकाल कधी मिळणार हे विचारा. निकाल ग्रामसभेत, मराठीत, साध्या शब्दांत वाचून दाखवा असा ठराव घ्या. विज्ञानाचे विद्यार्थी असलेल्या आपल्या मुलामुलींनी तो समजावून सांगण्याचे काम घ्यावे. संविधानाच्या अनुच्छेद ५१-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. ते कर्तव्य विहारातल्या भिंतीवर लिहून पूर्ण होत नाही.

चौथे, मनाकडे लक्ष द्या. कोणाच्या घरी अशी लाज, भीती, निराशा असेल तर तिथे जाऊन बसा. मोबाईल काढून व्हिडिओ करू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चालते. तो नंबर विहाराच्या फळ्यावर लिहा. आणि ‘व्हायरस’, ‘कोप’, ‘करणी’ असे शब्द गावात फिरू लागले, तर सगळ्यात आधी आपण ते अडवले पाहिजेत.

त्या आजींचा अंगठा पुढे जुळला की नाही, असे आम्हाला कोणी कोणी विचारतात. जुळला. तिसऱ्या दिवशी, हाताला तेल लावून, पुसून, दुसरे बोट लावल्यावर. गहू मिळाला. त्या पिशवी डोक्यावर घेऊन निघाल्या. त्या पिशवीत काय आहे, हे मात्र त्यांनी विचारले नाही, दुकानदाराने सांगितले नाही आणि खरे बोलायचे तर आमच्याही मनात तो प्रश्न आला नाही. तो प्रश्न आमच्या डोक्यात यायला शेगावच्या २७९ लोकांचे केस जावे लागले.

आता तरी विचारू या.

जयभीम! नमो बुद्धाय!